धारेवरची सर्वसाधारण सभा

आमच्या इमारतीत हात वर केल्याशिवाय काहीही होत नाही. जिन्याला कुठला रंग द्यायचा, कचऱ्याचा डबा फाटकाच्या डावीकडे ठेवायचा की उजवीकडे, तिसऱ्या मजल्यावर येणारं मांजर इमारतीचं मानायचं की खाजगी, असे सगळे विषय आम्ही सभेत मांडतो, त्यांवर यथेच्छ भांडतो, आणि मग अध्यक्ष घसा खाकरून म्हणतात, "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत." अध्यक्ष निवृत्त हिशेबतपासनीस आहेत. स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही, हासुद्धा विषय त्यांनी सभेपुढे ठेवला होता. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर ऑपरेशनच्या बाजूने बोलले, पण ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. काहीही दुखलं की काढून टाका म्हणायची त्यांना सवयच आहे. शेवटी सात विरुद्ध चार मतांनी गुडघा वाचला.

या सभांचा सचिव मी. म्हणजे भांडायचं सगळ्यांनी आणि इतिवृत्त लिहायचं मी. मी पहिल्या मजल्यावर राहतो. सचिवाने कसं सगळ्यांच्या हाताशी असावं, असं त्याचं कारण मी सांगत आलोय आणि लोकांनी ते कौतुकाने मान्यही केलंय. खरं कारण फक्त बायकोला माहीत आहे. आमच्याकडे बल्ब गेला की स्टुलावर ती चढते, मी स्टूल धरतो, आणि धरतानासुद्धा वर बघत नाही. उंची मला मानवत नाही. काही लोकांना दूध मानवत नाही, तसंच. फरक इतकाच की दुधाचं चारचौघांत सांगता येतं. उंचीचं नाही सांगता येत, आणि घरात चौदा वर्षांची मुलगी असेल तर मुळीच नाही.

मुलीबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा खटाटोप तिच्यापायी झाला. लहानपणी ही पोरगी इतकी बोलायची की आलेले पाहुणे चहा अर्धा ठेवून निघायचे. गेल्या वर्षभरात मात्र तिचं बोलणं आटत आटत 'हं'वर आलं होतं. शाळा कशी झाली? हं. जेवलीस का? हं. रागावलीस का माझ्यावर? हं. बायको म्हणायची, "वय आहे, होईल नीट." मीही तिला 'हं' म्हणायचो, पण आतून मला ते फार लागलं होतं. तिने माझ्याशी एकदा तरी पूर्ण वाक्य बोलावं, क्रियापदासकट, एवढीच माझी इच्छा होती. लोक याहून मोठ्या इच्छा धरतात, याची मला कल्पना आहे.

तर लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीवाला आला, त्याने दार उघडून आत डोकावून बघितलं, "अरेरे" म्हणाला आणि सुटा भाग मागवतो असं सांगून जो गेला तो गेलाच. लोक जिने चढू लागले. सुरुवातीला शिव्या देत चढले, मग धापा टाकत, आणि मग एक चमत्कार झाला. लोकांना त्याचा गर्व वाटू लागला. पाचव्या मजल्यावरचे अध्यक्ष पँट वर करून पोटऱ्या दाखवू लागले. चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई, ज्यांना आम्ही सगळे गाणंबाई म्हणतो, दुसऱ्या मजल्यापर्यंत तान न तोडता येऊ लागल्या. पुढच्याच सभेत त्यांनी एका कॅलेंडरवरचं चित्र फिरवलं. काळ्या कातळाचा एक लांबच लांब डोंगर होता, आणि त्याच्या माथ्यावरून मुंगीएवढी माणसं रांगेने चालली होती. "आपल्याला सहज जमेल," गाणंबाई म्हणाल्या. "जिनाच आहे हा. फक्त बाजूला भिंती नाहीत."

मी इतिवृत्तात 'सूचना हास्यास्पद' असं लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या माझ्या मुलीचा आवाज आला, "मी येणार."

दोनच शब्द होते, पण त्यांत कर्ता होता आणि क्रियापद होतं. "अनुकूल असतील त्यांनी..." असं अध्यक्ष म्हणेपर्यंत माझा हात वर गेलेला होता. सभेत मी इतक्या घाईने हात कधीच वर केला नव्हता. घरी आल्यावर बायकोने कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाली, "अहो, स्टुलावर चढता का आधी?"

"तू येणार नाहीस?"

"घरात एक तरी शहाणं माणूस राहू दे," ती म्हणाली आणि माझ्यासाठी जाड मोजे शोधायला लागली.

त्यानंतर इमारतीत सल्ल्यांचा पूर आला. ज्यांना यायचं नव्हतं त्यांना डोंगराची सगळ्यात जास्त माहिती होती. एकाने सांगितलं, खाली बघू नका. दुसऱ्याने सांगितलं, वर बघू नका. तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, बघूच नका. बूट एक माप मोठे घ्या, एक माप लहान घ्या, नवे घेऊ नका, जुने घालू नका. मी मध्यम मार्ग काढला आणि मेव्हण्याचे मागून आणले. पाठीवर वजनाची सवय हवी म्हणून मी पिशवीत दोन जुन्या इस्त्र्या घालून पहिला मजला चढउतार करायचो. यापलीकडे चढलो तर वजनाचा नीट अंदाज येत नाही, असं मी लोकांना सांगितलं होतं.

परवाना काढायचं काम अर्थातच सचिवाकडे आलं. जंगलखात्याच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी डोळे न उचलता विचारलं, "गटाला अनुभव?"

"आहे."

"कशाचा?"

"जिन्याचा."

त्यांनी ते लिहून घेतलं. इतक्या शांतपणे लिहून घेतलं की मलाच ओशाळं झालं. मग म्हणाले, प्रत्येकाचा तब्येतीचा दाखला हवा, डॉक्टरच्या शिक्क्यासह. आमच्यात डॉक्टर एकच. त्यांनी आम्हाला एकेक करून त्यांच्या त्या खुर्चीत आडवं केलं, तोंडात दिवा धरला आणि प्रत्येकाला 'चढाईस योग्य' असं लिहून दिलं. अध्यक्षांच्या दाखल्यावर 'उजवीकडची शेवटची दाढ सोडून' असा शेरा होता. कचेरीने हे दाखले कसे काय घेतले, हे मला आजही कळलेलं नाही. शिक्का गोल होता, हेच एक कारण सुचतं. आणखी एक नियम होता: सोबत खात्याची मान्यता असलेला वाटाड्या हवा. त्यांनी एक नंबर दिला.

वाटाड्या म्हणून आली ती एक धिप्पाड तरुणी. सतत शेंगदाणे खाणारी, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्याने वळून बघावं. आठवडाभर ती गाडी चालवायला शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना डोंगरावर न्यायची. दोन्हीकडे एकच भाषा वापरायची. गाडीही शाळेचीच आणली होती, पुढेमागे 'शिकाऊ चालक' अशी पाटी लावलेली. आम्ही तिला पहिल्या पाच मिनिटांतच 'मास्तरीण' हे नाव दिलं. तिने आम्हाला कुठलं दिलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ती बोलली नाही.

निघालो आम्ही पाच जणं. अध्यक्ष, डॉक्टर, गाणंबाई, मी आणि माझी मुलगी. पोरगी खिडकीशी बसली. मी शेजारी बसून "बघ, गाय" वगैरे म्हणून पाहिलं. हं.

गाडीने एक वळण घेतलं आणि तो समोर आला.

कॅलेंडरवरच्या चित्राबद्दल मी काही बोलणार नाही. त्या चित्रकाराने किंवा फोटो काढणाऱ्याने आपल्या परीने प्रयत्न केला असेल. पण हे जे समोर उभं होतं ते कुठल्याही कॅलेंडरवर मावणारं नव्हतं. खालचं सगळं अजून धुक्यात होतं, शेतं नव्हती, झाडं नव्हती, रस्ताही थोडा पुढे जाऊन संपत होता, आणि त्या सगळ्याच्या वर, जिथे आपण आभाळ असेल असं धरून चालतो, तिथे काळा कातळ होता. एक शिखर, मग खाली झुकलेली धार, मग दुसरं शिखर, मग पुन्हा धार. सकाळचं ऊन फक्त तिथवर पोचलं होतं, आणि आम्ही सगळे अजून सावलीत होतो. आमच्या पाच मजल्यांना मी आजवर उंची म्हणत आलो, याची मला मनापासून लाज वाटली. अध्यक्षांच्या हातातलं बिस्किट थर्मासच्या चहात विरघळून गेलं तरी त्यांना कळलं नाही.

"तिथे जायचंय?" डॉक्टरांनी बारीक आवाजात विचारलं.

"नाही," मास्तरीण शेंगदाणा तोंडात टाकत म्हणाली. "तिथपासून तिथपर्यंत जायचंय."

पहिला तासभर आमची अब्रू राहिली. वाट गवतातून होती, जिन्याची सवय उपयोगी पडली, गाणंबाई गुणगुणत होत्या. वाटेला पहिला फाटा फुटला तिथे अध्यक्ष थांबले आणि त्यांनी सभा बोलावली. डावीकडून जावं की उजवीकडून? मास्तरीण "डावीकडून" असं ओरडून पुढे गेलीसुद्धा होती. पण विषय पत्रिकेवर आल्याशिवाय आम्ही हलत नाही. चर्चा झाली. उजवीकडची वाट रुंद आहे, असा मुद्दा डॉक्टरांनी मांडला. हात वर झाले, पोरीला अजून मत नसल्याने तीन विरुद्ध एक मतांनी उजवी वाट मंजूर झाली, आणि ती आम्हाला एका गोठ्यात घेऊन गेली. गोठ्यातल्या म्हशीने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. मास्तरीण परत खाली आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "सिग्नलला उभं राहून मतदान करता का तुम्ही?"

"लोकशाही आहे," अध्यक्ष म्हणाले.

"वर कातळ आहे," ती म्हणाली. "त्याला नाही कळत."

मग गवत संपलं आणि हात लावायची वेळ आली. इथून पुढे चालणं पायांचं राहत नाही, हातांनीही चढावं लागतं. मास्तरणीने एकदाच सांगितलं: तीन ठिकाणी धरून ठेवायचं आणि चौथं हलवायचं. दोन हात एक पाय, नाहीतर दोन पाय एक हात. मी कातळाला पहिल्यांदा हात लावला. गार होता, खरखरीत होता, आणि त्यात मला जाणवेल असा एक प्रचंड शांतपणा होता. मी इतकी वर्षं ज्यांना दगड म्हणत होतो ते बहुतेक या दगडाचे दूरचे, गरीब नातेवाईक असावेत. खाचेत बोटं घातली की तो पकड देत होता. इतक्या मोठ्या वस्तूने माझ्यासारख्या आवक-जावक कारकुनाला बोटं घालायला जागा ठेवली होती, याचं मला त्या घाबरलेल्या अवस्थेतही फार नवल वाटलं.

हो, घाबरलो होतो. ते तर पहिल्या खडकापासूनच. पण माझ्या मागे माझी मुलगी चढत होती, आणि तिच्यासमोर रडायची माझी तयारी नव्हती. मी "छान आहे, छान आहे" असं म्हणत चढत होतो. मधूनमधून मागे "जमतंय ना?" असं विचारत होतो. मागून हं येत होतं.

पहिल्या शिखरावर मास्तरणीने आम्हाला पाणी पाजलं आणि पुढचा भाग दाखवला. तिथून धार सुरू होत होती.

धार म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. डोंगर दोन्ही बाजूंनी खाली निघून जातो आणि मध्ये जे उरतं, ते. आधी आमच्या घरातल्या पॅसेजएवढी रुंद जागा होती. मग उंबऱ्याएवढी झाली. मग तीही संपली, आणि नुसते एकाला एक टेकून उभे असलेले काळे दगड उरले. डावीकडे हवा, उजवीकडे हवा. डावीकडच्या हवेच्या तळाशी एक तळं होतं, बशीएवढं. उजवीकडच्या हवेला तळच दिसत नव्हता. धुकं तिथून हळूहळू वर येत होतं, धारेपाशी थांबत होतं, आणि एखादा शहाणा माणूस उंबऱ्यावरून डोकावून परत जावा तसं परत जात होतं.

"दोर आहे," मास्तरीण म्हणाली. "पण लागणार नाही. जिथे अरुंद वाटेल तिथे सरळ घोड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि सरकायचं. एकच गोष्ट सांगते. मध्ये गाडी उभी करायची नाही."

पुढे ती, मग अध्यक्ष, गाणंबाई, मी, माझी मुलगी आणि शेवटी डॉक्टर, अशी रांग लागली. अर्ध्या धारेवर येईपर्यंत सगळे घोड्यावर बसलेले होते. गाणंबाईंचं गुणगुणणं कधीच थांबलं होतं. एवढ्यात शेवटून डॉक्टरांचा आवाज आला. आवाजाला दिवा लावून तपासावं अशी त्याची अवस्था होती.

"अध्यक्षमहाराज, माझा ठराव आहे. आपण परत फिरावं."

कुठलाही दुसरा माणूस म्हणाला असता, गप्प बस. पण आमचे अध्यक्ष पाच मजल्यांच्या इमारतीचे अध्यक्ष होते आणि जगाच्या कुठल्याही टोकावर अध्यक्षच राहणार होते. मागे न वळता, दोन्ही हातांनी पुढचा दगड कवटाळून, त्यांनी घसा खाकरला. "ठराव मांडला गेला आहे. अनुमोदन?"

"माझं," मी म्हणालो. हे माझ्या तोंडून कधी गेलं ते मला कळलंच नाही.

"अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

दरीतून वारा आला. कुणाचाही हात हलला नाही. कसा हलणार? चार मतदारांचे आठ हात आठ दगडांना असे चिकटले होते की वरून शिक्का मारावा.

"एकही हात वर नाही," अध्यक्ष न बघताच म्हणाले. "ठराव नामंजूर."

"मी मनातल्या मनात वर केलाय!" डॉक्टर ओरडले.

"मनातली मतं धरता येत नाहीत. उपनियम बघा."

"मग पुढे जावं असा ठराव मांडा!" गाणंबाई कळवळून म्हणाल्या.

तोही मांडला गेला. त्यालाही एक हात वर झाला नाही. म्हणजे आता नियमानुसार आम्हाला मागेही जाता येत नव्हतं आणि पुढेही. इमारतीच्या इतिहासात असा पेच आला नव्हता. अध्यक्ष या पेचाचा शांतपणे विचार करू लागले असताना पुढून मास्तरीण अशी काही ओरडली की तळ्यावरचे पक्षी उडाले. "गिअर टाका! अहो काका, गिअर टाका आणि या!" अध्यक्ष दचकून सरकले. ते सरकले म्हणून गाणंबाई सरकल्या. पलीकडे धार जरा रुंद होती, तिथे दोघं पोचलेसुद्धा.

मी सरकलो नाही.

मी सरकायचं ठरवलं होतं. पायांना तसं कळवलंही होतं. पण पायांनी दाद दिली नाही. डोळ्यांपुढे तो एक दगड होता, त्यावर पांढरट गोल डाग होते, आणि त्यापलीकडे जग संपत होतं. माझ्या मागे माझी मुलगी अडकली होती, तिच्या मागे डॉक्टर, आणि त्यांना अडवणारा मी होतो. वर्षभर ज्या पोरीने माझ्याकडे बघावं म्हणून मी झटत होतो, तिला आता माझ्या पाठीशिवाय दुसरं काही बघताच येत नव्हतं. आणि ती पाठ थरथरत होती. मला वाटलं, संपलं. आता आयुष्यभर हं.

"बाबा."

मला मागे वळता येत नव्हतं. "छान आहे," मी म्हणालो.

"बाबा, मला खूप भीती वाटतेय."

मी दगड आणखी घट्ट धरला.

"तू कुणाला सांगू नकोस," माझ्या पाठीमागून ती म्हणाली. तिचा आवाज पिशवीवर आपटून येत होता, इतकी ती जवळ सरकली होती. "आईलापण नाही. आणि मत घेऊ नकोस."

"मत? कसलं मत?"

"मी काहीपण सांगितलं की तू मत घेतोस. केस कापायचे म्हटलं तर तू आईला विचारलंस, मग आत्याला फोन केलास, मग डॉक्टरकाकांना विचारलंस. गणित कठीण वाटतं म्हटलं तर जिन्यात सगळ्यांना सांगितलंस, कुणाकुणाला कठीण वाटायचं विचारत. मग मी सांगणं बंदच केलं. मी काही ठराव आहे का?"

माझ्याशी कुणी इतकं खरं बोललं असेल तर मला आठवत नाही. डॉक्टर मागे बसून सगळं ऐकत होते. केसांच्या प्रकरणात आपण विरोधात मत दिल्याचं त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी हलकेच खोकल्यासारखं केलं. मला बरंच काही बोलायचं होतं. मी सारवासारव करणार होतो, माझ्या कामाची पद्धत समजावून सांगणार होतो. पण धारेवर तेवढी जागा नसते.

"मलाही भीती वाटतेय," मी म्हणालो.

"किती?"

"पहिल्या मजल्यापासून."

ती हसली. आधी फुसकन, मग जोरात, आणि तिच्या हसण्याने माझी पिशवी हलू लागली. ते हसू थांबू नये असं मला वाटलं. "म्हणून स्टुलावर आई चढते!" ती म्हणाली. मग जरा वेळाने, हळू: "बाबा, मी खालून बघत आलेय, तू कुठे पाय ठेवतोस ते. तिथेच मी ठेवते. दुसरीकडे कुठे ठेवलाच नाही अजून."

खालपासून? मला एकदम आठवलं, मी किती ठिकाणी भलतीकडे पाय टाकला होता, किती ठिकाणी डोळे मिटून टाकला होता. आणि त्या प्रत्येक खुणेवर ही पोरगी माझ्यावर भरवसा ठेवून आली होती. इतक्या उंचावर, हवेच्या मधोमध बसून, उंचीपेक्षा मोठं काहीतरी मला दिसलं आणि मी त्याच्यापुढे पार लहान झालो.

मी पुढचा दगड नीट बघितला. पांढऱ्या डागांच्या बाजूला एक खाच होती. हात घालून ओढून पाहिली. "इथे उजवा हात," मी म्हणालो. "पाय याच्याखाली. हा दगड हलतो, याला शिवू नकोस. डॉक्टर, तुम्हीही शिवू नका."

"हं," डॉक्टर म्हणाले.

असे आम्ही सरकलो. मी बोलत होतो, ती त्या त्या जागी हात ठेवत होती आणि "ठेवला" म्हणत होती. भीती गेली वगैरे काही नाही, ती पूर्णवेळ माझ्या मांडीवर बसून होती. पण मला कामच इतकं होतं की तिच्याकडे बघायला सवड नव्हती. धार रुंद झाली, मास्तरणीने माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले, आणि पुढचा चढ कसा संपला मला सांगता येणार नाही. हात वर घातला आणि वर धरायला काही नव्हतं. शिखर आलं होतं.

आमच्या इमारतीतली माणसं एका जागी जमली आणि बोलली नाहीत, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. धुकं खाली बसलं होतं आणि त्यातून डोंगरांमागे डोंगर वर आले होते, काळे, मग निळे, मग इतके फिके की ते डोंगर आहेत की डोळ्यांचा भास, हे ठरेना. आम्ही जिथून आलो ती धार मागे पसरली होती. ती आपण ओलांडली यावर माझा विश्वास बसेना. एक घार आमच्या पायांखालून गेली. पायांखालून! घारीची पाठ मी जन्मात पाहिली नव्हती. आपण तिला नेहमी खालून बघतो, तिचं पोट, तिचे पंख. पाठ तांबूस तपकिरी होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं. अध्यक्षांनी टोपी काढून छातीशी धरली. गाणंबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. डॉक्टर तोंड उघडं टाकून बघत होते, आणि त्यांचे स्वतःचे दात आम्हाला प्रथमच दिसले. फारसे बरे नव्हते.

माझी मुलगी माझ्या शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही आणि मीही काही विचारलं नाही. ते गप्प बसणं वेगळं होतं. ते दोघांनी मिळून केलेलं होतं.

उतरायची वाट पलीकडून होती, मातीची आणि खड्यांची. आता पोरगी पुढे झाली. "बाबा, इथे डावा पाय. इथे नको, हलतंय. इथे बस आणि सरक." मी मुकाट्याने ऐकत गेलो. मधे तिने मला शाळेतल्या एका मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगितलं, अगदी सुरुवातीपासून. मग गणिताच्या बाईंची नक्कल करून दाखवली. भांडणात चूक कुणाची यावर माझं एक पक्कं मत होतं आणि ते जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. खडे संपताना शेवटची एक उंच पायरी होती. ती खाली उतरली आणि मागे न बघता हात वर केला. मी तो धरून उतरलो.

तिथून गाडीपर्यंत सपाट वाट होती, गवतातली, दोन माणसं शेजारी चालतील एवढी. पडण्यासारखं तिथे काही नव्हतं. हात सोडायचं ती विसरली होती, आणि तिला आठवण करून द्यायला मी काही खुळा नाही. ती बोलतच होती. पुढे गाडी दिसू लागली तसा मी माझा वेग कमी केला, मग आणखी कमी केला. बाकीचे केव्हाच आत जाऊन बसले होते. मास्तरीण हॉर्न वाजवत होती. वाजव म्हटलं.